देवीकडे पाठ

मला एका जागी बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हे लिहिणं इकडून तिकडे उड्या मारू लागलं तर कुणी नाकं मुरडायला नकोत. आत्तासुद्धा दोन ओळी लिहून उठले, चहा टाकला, तो उकळेपर्यंत थांबवेना म्हणून गच्चीत गेले, आणि परत येईस्तोवर चहा उतू जाऊन गॅस विझलेला. नरपडला समुद्राजवळ हे घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, आता निवांत बस. कसलं डोंबलाचं निवांत! समोर कोळणी बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालतात, दोघींचे हात एका लयीत चालत नाहीत, आणि मी इथे गच्चीत उभी राहून वैतागते. डॉक्टरांनी उजव्या खांद्याला विश्रांती सांगितली आहे. सगळी उमर वाद्यवृंदापुढे हात हलवून पोट भरलेल्या बाईला विश्रांती म्हणजे शिक्षाच की. बाजारात कुणी विचारलंच, ताई, तुम्ही नक्की काय करायचात, तर मी सांगते, पन्नास-साठ माणसं वाजवत असतात, ऑपेरा असला तर वर रंगमंचावर आणखी तितकीच गात असतात, आणि मी मध्ये उभी राहून काहीच वाजवत नाही. लोक हसतात. पूर्वी राग यायचा, आता मीही हसते.

आमचा पाडा तलासरीहून आत, डोंगराच्या पोटाशी. भात निघालं की नागली, नागली निघाली की काहीच नाही, मग मजुरी. घर कुडाचं, त्यामुळे बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं आणि आतलं सगळं बाहेर. गुपित म्हणून आमच्याकडे काही नव्हतंच. पहाटे आई उखळात भात कांडायची. शेजारच्या काकाच्या घरात काकी कांडायची. दोन मुसळं कधी एकत्र पडायची, कधी एकामागून एक, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या वाट बघायची की आता जुळतील, आता जुळतील. जुळायच्या बेताला येऊन काकी हमखास थांबायची आणि कोंबड्यांना शिव्या घालायची. असा जीव जायचा माझा! पश्चिमेचा वारा असला की अच्छाडच्या नाक्यावरचे ट्रक ऐकू यायचे. बा तिथल्या एका धाब्यावर तंदूरपाशी कामाला होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला डिझेल आणि करपलेल्या पिठाचा वास. ट्रकचे हॉर्न मी तोंडाने काढून दाखवायची, पंजाबचा कुठला, मद्रासचा कुठला, आणि बा हसून हसून खोकायचा. "या पोरीच्या अंगात भोवरा शिरलाय," म्हणायचा, "दोरी कोनाच्या हातात हाय ते देवाला ठाव."

दोरी आईच्या हातात होती. निदान तिचा तसा समज होता. माझी आई जेठी धवलेरी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, बाई लावते, आणि मंत्र म्हणून नाही, गाऊन लावते. घरातल्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, त्याच्यासमोर धवलेरी बसते आणि गाऊ लागते. ती ओळ सांगते, मागच्या बायका ती उचलतात. देवी कुठल्या डोंगरातून निघाली, कुठल्या झाडाखाली बसली, कुठली नदी उतरली, कुणी तिला पाणी दिलं, कुणी नाही दिलं, असं करत करत गाणं देवीला त्या भिंतीपर्यंत आणून पोचवतं. मध्ये गाणं तुटलं तर देवी वाटेत अडकते, असं आमच्या पाड्यावर मानायचे. देवी वाटेत अडकली तर लग्न लागत नाही. मग पुढे मूल आजारी पडो की बैल मरो, बोट त्याच तुटलेल्या गाण्याकडे. म्हणून धवलेरीचा मान मोठा आणि जबाबदारीही तेवढीच.

आईचा आवाज काही गोड नव्हता. जाड, खरबरीत, पण असा लांब पोचणारा की ओढ्यापलीकडे गुरं मान वर करायची. तो तिला तिच्या मावशीकडून मिळाला होता, आणि तिच्यामागून तो मी घ्यायचा हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. मला विचारलं कुणी? आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती. भाताची कापणी आटोपली की संध्याकाळी ती मला आणि काकाच्या मंगीला अंगणात बसवायची आणि ओळी सांगायची. मंगी माझ्याहून लहान, पण बसायची अशी की चिमणीने डोक्यावर घरटं बांधावं. आवाज बेताचा, डोकं मंद, एक ओळ दहादा सांगितली तरी अकराव्यांदा चुकणार. माझं एकदा ऐकलं की झालं. आणि एकदा झालं की मला कंटाळा. तेच दोन-तीन सूर, तीच वळणं. मी मध्येच लय वाढवायची, वर एखादा सूर लावून बघायची, मंगीला वेगळं गायला सांगून आपण वेगळं गायची. आई चिमटा काढायची. "देवी चालत येतं," म्हणायची, "ट्रकात बसून नाय येत." निम्मं गाणं मला आलं, देवी नदीपर्यंत आली. पुढचं निम्मं शिकायचं म्हटलं की मला तहान लागायची, पोटात दुखायचं, गाय सुटायची.

चिकूचा हंगाम आला की आम्ही दोघी नरपडला वाडीवर जायचो. महिना महिना तिथेच झोपडीत राहायचं. आई लांब काठीला लावलेल्या जाळीत चिकू झेलायची, मी खाली पाट्या भरायची. मालकीण रोशनबाय, इराणी, एकटी, सत्तरीला टेकलेली, पायात पुरुषी बूट, तोंडात सतत काहीतरी आणि ते संपलं की शिव्या. तिच्या ओटीवर एक पियानो होता, खाऱ्या हवेने तारा गंजलेला, आणि आत एक ग्रामोफोन. पहिल्यांदा त्यातून वाद्यवृंद ऐकला तेव्हा मी पाटी तिथेच टाकून पळत गेले होते. मला वाटलं, आत घरात एवढी माणसं बसली कशी आणि कधी आली? आत तर रोशनबाय एकटी आरामखुर्चीत. त्या आवाजात कुणी खाली कुजबुजत होतं, कुणी वर भांडत होतं, आणि सगळं जुळत होतं, काकीसारखं ऐनवेळी थांबत नव्हतं. मला रडू आलं. का आलं ते तेव्हा कळलं नाही, आणि आज कळतं असं म्हणाले तर खोटं ठरेल.

तबकडीच्या पाकिटावर एका माणसाचं चित्र होतं, काळा कोट, वर केलेले हात, आपल्याकडे पाठ. मला शोधत आलेल्या आईने ते हातात घेऊन निरखलं.

"हा कोन?"

"हा समदाला चालवते," रोशनबाय म्हणाली. "हात वर करते तर वाजते, हात पाडते तर चूप."

"आनि हा सोता काय वाजवतं?"

"काय नाय. नुसता हात हलवते."

"मंग तोंड कां नाय दाखवलं याचं?"

"तोंड वाजवणारा लोकला दाखवते, जेठी. ऐकणारा लोकला पाठ."

आईने पाकीट खाली ठेवलं. "एवढ्या लोकांना पाठ करून उभा राहतं? कोनी शिकवलं नाय वाटतं घरात," म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

पण मी काय सुटते! हंगामामागून हंगाम, काम आटोपलं की मी ओटीवर. रोशनबायने मला सूर वाचायला शिकवले, पाच रेघांवर बसलेल्या त्या काळ्या मुंग्या. पियानोवर बोटं टाकायला शिकवली, चुकलं की चमच्याने बोटांवर मारून. ऑपेरा म्हणजे काय ते तिनेच सांगितलं. "नाटक छे, दीकरी, पण बोलते कोणी नाय. भांडते तर गाऊन, मरते तर गाऊन." मी जाऊन आईला सांगितलं. ती चिकू पुसत होती. "मंग त्यात नवं काय? आमी लगीन पन गाऊनच लावतंव," म्हणाली. पुढे मी ऑपेराबद्दल ढिगाने व्याख्यानं ऐकली, दिलीही. त्या सगळ्यांत आईच्या या वाक्यापेक्षा कामाचं काही नव्हतं.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी आईचा घसा बसायला लागला. आधी सकाळचा बसायचा, मग दुपारीही. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, भगताचा धूर झाला. तलासरीच्या डॉक्टरने सांगितलं, सहा महिने गाऊ नका, कुजबुजूही नका. लग्नसराई तोंडावर, आणि म्हणे गाऊ नका! त्याच सुमाराला रोशनबायने आईला ओटीवर बोलावून खुर्चीत बसवलं. मजुराला खुर्ची म्हणजे काहीतरी मोठं मागणार हे आईने ओळखलं असावं, कारण ती टोकावर बसली.

"माझी मोठी बेन मुंबईला पियानो शिकवते. एकटी हाय. तुझ्या पोरीला, सुनीला, तिच्याकडे पाठव. शिकेल, घरात मदद करेल. ही पोरगी चिकू वेचायला नाय जन्मली, जेठी."

"चिकू नाय वेचाव्याची ती," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लग्नं लावाव्याची हायत तिना."

वाटेत आम्ही दोघी कडाकडा भांडलो. म्हणजे मी भांडले, तिला आवाज कुठे होता. मी म्हणाले, मंगी आहे की. ती म्हणाली, मंगीला दोन ओळी लक्षात राहत नाहीत. मी म्हणाले, मला ते गाणं नको, त्यात काही घडतच नाही. ती बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली, आणि तलासरी येईपर्यंत मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवले होते, कारण डोक्यात ती तबकडी चालू होती आणि हात आपोआप उठत होते. घरी आठवडाभर हेच धुमसत राहिलं. शेवटी बा म्हणाला, "यशीचं लगीन होऊ दे. मंग काय ता बघू."

यशी म्हणजे मंगीची मोठी बहीण. नवरा मुलगा सीमेपलीकडचा, उंबरगावच्या बाजूचा. लग्नाच्या आधी चार दिवस आमची दोन्ही घरं नुसती उकळत होती. काकीने काकड्या किसून तांदळाच्या पिठात कालवल्या, पानांत गुंडाळून वाफवल्या. सुक्या बोंबलाचं कालवण, उडदाची आमटी, भाताचे ढीग, कोपऱ्यात ताडीची मडकी झाकून ठेवलेली आणि काका दर तासाला झाकण उचलून बघणार. "उडून नाय जाव्याची ती," काकी ओरडायची. सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत होत्या. आई नुसती बघत होती, एक शब्द न काढता. आवाज साठवत होती. मला पुढचं निम्मं गाणं शिकवायला ती रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसे. मी लाकडं आणायला जाई. मनात एकच होतं: मी शिकले तर अडकले.

लग्नाच्या दिवशी सकाळची उन्हं वर आल्यावर आई चौकासमोर बसली. तिच्या उजवीकडे मी, मागे एका बाजूला आमच्या पाड्यातल्या बायका, दुसऱ्या बाजूला नवऱ्याकडच्या. बाहेर मांडवात पुरुष, तारपेवाला भोपळ्याचा तो लांब तारपा मांडीवर घेऊन, लग्न लागलं की फुंकायचा म्हणून, वाट बघत बसलेला. आईने सूर लावला. फाटका होता, पण लागला. देवी डोंगरातून निघाली. देवी पहिल्या झाडाखाली बसली. प्रत्येक ओळीला आईच्या मानेची शीर फुगायची. मग एका ओळीच्या मधोमध तिचं तोंड उघडंच राहिलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिने माझा गुडघा असा दाबला की नखं रुतली.

मी ओळ उचलली. विचार केलाच नाही. गाणं तुटू द्यायचं नाही एवढंच हाडात मुरलेलं होतं. माझा आवाज आईएवढा जाड नव्हता, पण ताजा होता, आणि बायकांनी तो घेतला. दहा-बारा ओळी बऱ्या गेल्या. मग गडबड सुरू झाली. नवऱ्याकडच्या बायका तेच गाणं थोडं संथ गायच्या आणि ओळीच्या शेवटी एक हेलकावा द्यायच्या, जो आमच्यात नाही. आईचा आवाज दोन्ही बाजूंना दामटून एकत्र ठेवायचा; माझ्याने ते होईना. आमच्या बायका पुढे पळू लागल्या, त्या मागे राहू लागल्या. माझ्या पाठीमागे गाणं मधोमध उसवत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले होते! काही दिसत नव्हतं, काही करता येत नव्हतं. तुटणार, आता तुटणार, यशीचं लग्न माझ्या हातून मोडणार, एवढंच डोक्यात.

मी उठले, वळले आणि हात वर केले.

डावा हात आमच्या बायकांकडे, दाबून धरलेला: थांबा. उजवा त्यांच्याकडे, ओढून घेणारा: या. बायका आधी बावरल्या. पण माणसाच्या हाताचं माणूस ऐकतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक ओळ डळमळली, दुसरी सावरली, तिसरीला दोन्ही बाजू एकाच वेळी एकाच शब्दावर आल्या. त्यांचा तो हेलकावा मी आमच्या बायकांनाही द्यायला लावला, आणि त्यांनी दिला. अगं बाई, काय वाटलं ते! अंगातला भोवरा आयुष्यात पहिल्यांदा जागेवर फिरत होता. नंतर मोठमोठ्या रंगमंदिरांत मी उभी राहिले, लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या, पण त्या कुडाच्या घरातल्या त्या काही ओळींइतकी मी पुन्हा कधी सुखी झाले नाही. हे मी परदेशातल्या एका मुलाखतीत सांगितलं, तर त्यांनी ते कापून टाकलं.

"अगो, देवीना पाठ!"

नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईची किंकाळी होती ती. बायकांच्या नजरा माझ्या हातांवरून माझ्यामागच्या भिंतीवर गेल्या, आणि गाणं जिथे होतं तिथे थिजलं. एकीने तोंडावर पदर घेतला. देवी वाटेत होती आणि तिला बोलावणारी तिच्याकडे पाठ करून उभी होती. घरात आलेल्या पाहुण्याला आम्ही कधी पाठ दाखवत नाही, ही तर देवी. माझे हात वरच राहिले. खाली घ्यायचंसुद्धा सुचेना. काकी रडायला लागली. यशीची मान आणखी खाली गेली. मांडवातून नवऱ्याचा बाप दारात येऊन उभा राहिला, "काय झालं? कां थांबलं?" म्हणत. दोन क्षण गेले असते तर ती माणसं उठली असती, आणि त्यांना दोष देता आला नसता.

तेव्हा आई उठली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती माझ्या आणि भिंतीच्या मध्ये शिरली. देवीकडे तोंड केलं, हात जोडले आणि आपली पाठ माझ्या पाठीला टेकवली. घट्ट. तिचं डोकं माझ्या मानेशी. मग ती कुजबुजली. आवाज नाहीच, नुसता वारा. नदीची ओळ. मला येत होती ती शेवटची ओळ.

मी ती मोठ्याने म्हटली. बायकांनी घेतली, घाबरत घाबरत, पण घेतली. देवीला तोंड दिसत होतं ना! एक तोंड तिच्याकडे, एक बायकांकडे. आई पुढची ओळ देवीला सांगायची, मी ती मानेशी ऐकून बायकांना द्यायची आणि हाताने दोन्ही बाजू बांधून ठेवायची. एखादा शब्द निसटला तर वर्षानुवर्षं गाणं ऐकलेल्या बायका तो भरून काढायच्या, आणि वेळ चुकत नव्हती, कारण तिने श्वास घेतला की माझी पाठ ढकलली जायची, सोडला की मोकळी व्हायची, आणि त्यावरून ओळ कधी येणार, किती लांब आहे, ते कळायचं. किती वेळ चाललं कोण जाणे. माझं लुगडं पाठीवर भिजून चिकटलं होतं, तिचा घाम की माझा ते सांगता येत नव्हतं. देवी नदी उतरली, गावात आली, दारात आली. शेवटच्या ओळीला मी हात खाली घेतले. बाहेर तारपा वाजायला लागला.

जिने किंकाळी फोडली होती तीच म्हातारी पुढे आली, चौकाला नमस्कार केला आणि म्हणाली, "लागलं लगीन." मग माझ्याकडे बघून पदराने तोंड पुसलं. "पन असं परत नाय करावं, बाय." संध्याकाळी सगळे नाचले, जेवले, काकाची ताडी संपली. मला नाचातही जाता येईना, घरातही बसवेना. ओढ्यापर्यंत जायची आणि परत यायची. आई कुडाला टेकून बसली होती.

ऑपेरात हात हलवणारा, म्हणजे कंडक्टर, रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादकांबरोबर उभा असतो आणि गाणारे वर, त्यामुळे त्यांचा श्वास दिसला नाही तर सगळंच ओंफस होतं. एक नामवंत गायिका मला एकदा म्हणाली, मी श्वास घ्यायच्या आधीच तुला कसा कळतो? मी म्हणाले, पाठीला कळतो. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. जाऊ दे.

आईचा आवाज थोडा परतला तो काही दिवसांनी, हळू बोलण्यापुरता. मी चुलीशी होते. ती मागून आली.

"जा तू मुंबईना," म्हणाली.

माझ्या हातातली भाकर तव्यावर वेडीवाकडी पडली. "खरं, आये?"

"तुना लोकांची तोंडं बघाव्याची हायत. मना देवीचं बघाव्याचं हाय. दोन्ही कामां एका बाईना नाय होत."

"मी शिकते ना पुढचं. सुट्टीत येईन तेव्हा शिकते. आता देवीकडे पाठ नाही करणार, शपथ." हे माझ्याच तोंडून आलं! इतकी वर्षं जे टाळलं तेच मी मागत होते. देते म्हणाली असती तर मी शिकले असते का, देव जाणे. पण ती मान हलवत राहिली.

"करशील," म्हणाली. रागाने नाही. एखाद्या गुराची खोड सांगावी तशी. "उठून वळलीस ना, तवा तुझं तोंड बघितलं मी. तू थांबाव्याची नाय आता. तुना नाय शिकवाव्याचं."

दुसऱ्या दिवसापासून तिने मंगीला धरलं. सकाळ-संध्याकाळ अंगणात दोघी समोरासमोर, आई कुजबुजणार आणि मंगी आपल्या बेताच्या आवाजात तेच ते म्हणत राहणार. चुकणार, पुन्हा म्हणणार. मी हंडा घेऊन नाहीतर सूप घेऊन अंगणात आले की आई गप्प व्हायची. मंगीही गप्प. मी निघून गेले की पुन्हा सुरू. एकदा मी मुद्दाम तिथेच तांदूळ निवडत बसले, तर आईने पायाशी पडलेलं गवत वेचायला घेतलं आणि मी उठेपर्यंत वेचत राहिली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि माझ्याच घरात माझी चाहूल लागली की गाणं बंद पडत होतं. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायची, सकाळी उठून मुंबईला न्यायचे कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालायची.

लग्नाच्या वेळी कुजबुजलेल्या त्या ओळी मी पुष्कळदा आठवून बघितल्या. आजही बघते. चार-चार तासांच्या ऑपेरा मला तोंडपाठ आहेत, कुठल्या पानावर कोणत्या बासरीवाल्याला श्वास पुरत नाही तेसुद्धा. पण आईचं गाणं नदीपाशी येऊन थांबतं. पलीकडे मला काही ऐकू येत नाही.

निघायच्या दिवशी बा अच्छाडच्या धाब्यावर पुढे गेला होता; तिथून ओळखीच्या ट्रकवाल्याने मला डहाणू स्टेशनला सोडायचं ठरलं होतं. काकीने पानात बांधून भाकरी दिल्या. मी पिशवी घेऊन दारात आले. अंगणात आई माझ्याकडे पाठ करून बसली होती, समोर मंगी. मंगी नदीच्या पुढच्या ओळी म्हणत होती आणि शेवटाला घाई करत होती. तिने मला बघितलं. माझा हात वर गेला, मी नाही नेला, तोच गेला, आणि हळूच खाली आला: सावकाश. मंगी सावकाश झाली. ओळ सरळ जाऊन बसली.

आईने ते ऐकलं. मंगीला इतकं नीट कधी जमलं नव्हतं. ती आता गप्प होणार म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले. तिने मागे वळून बघितलं नाही, गवताला हात घातला नाही. तिने पुढची ओळ सांगितली. मंगीने माझ्या हाताकडे बघत ती घेतली. मग आणखी एक. मला तिथेच बसकण मारावीशी वाटली, पिशवी विहिरीत टाकावीशी वाटली.

"जा आता," आई तशीच पाठमोरी म्हणाली. "ट्रक नाय थांबाव्याचा."

मी अंगणाच्या कडेकडेने गेले, तिच्यासमोर न येता. बांधावरून उतरले, ओढा ओलांडला. मंगीचं चालूच होतं, पुन्हा घाई करत, पुन्हा चुकत. हमरस्त्याचा आवाज सुरू होईपर्यंत ते ऐकू येत होतं. मी पळतच गेले.